पडद्याआडचं अननसाचं सरबत

गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात आणि त्यांची थोरली बहीण त्यांना बारक्या म्हणते. मास्तरांचं वय अठ्ठावन्न, वजन त्र्याण्णव किलो. ते जिना उतरतात तेव्हा दुकानातल्या बरण्यांमधली बटणं खुळखुळतात. पण अक्कानं एकदा ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती नाही. छातीची मापं घेणाऱ्याचीही नाही.

खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत ही दोन भावंडं. लग्नाचं माप दोघांचंही कधी जमलं नाही. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर होती. तिचा आवाज असा, की चुकीचा नंबर लागला तरी लोक दोन मिनिटं बोलत राहायचे. हे अक्काच सांगते, आणि साक्षीदार कुणी उरला नसल्यामुळे ते खरं मानावं लागतं. निवृत्त झाल्यावर एक्स्चेंज सुटलं, बोलणं सुटलं नाही. खिडकीत बसून ती अख्ख्या गल्लीचे फोन जोडून द्यायची. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचा कुकर चार शिट्ट्यांनंतरही चालू, सगळं अक्काकडे.

तर ही अक्का न्यूमोनियानं तीन आठवडे हॉस्पिटलात पडली आणि निम्मी होऊन घरी आली. मास्तरांनी तिचे सगळे गाऊन काखेपासून चार-चार इंच आत घेतले. खिडकीही बंद झाली. विचारलं तर "हं", फार झालं तर "नको". गल्ली म्हणाली, अशक्तपणा आहे, येईल ताकद. काहींनी ही शांतता जरा टिकली तर बरं, असंही म्हटलं. त्यांची नावं घेण्यात अर्थ नाही.

सोमवारी तपासायला घरी येणारी सिस्टर आली. तिनं अक्काच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"मास्तर, ह्या पाणी पीत नाहीत."

"अहो, मी तांब्या भरून उशाशी ठेवतो."

"तांब्या भरलेला दिसतोय मला. पोट भरायला हवं. दिवसाला आठ पेले. पाणी नको तर सरबत द्या, पातळ काहीही द्या. शुक्रवारी दुपारी येते. असंच असलं तर पुन्हा भरती आणि सलाइन."

सिस्टर गेल्यावर अक्कानं भावाकडे बघितलं. "मी नाही जाणार तिथं," ती म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

"मग पी ना. काय पिशील?"

अक्कानं विचार केला. "अननस."

एक्स्चेंजमध्ये सात तास बोलून घसा खरवडला की बायका कॅन्टीनमधून अननसाचं सरबत मागवायच्या, हे मास्तरांनी लहानपणापासून ऐकलं होतं. ते तसेच उठले आणि कोपऱ्यावरच्या फळवालीकडून अननस घेऊन आले.

आता मास्तर म्हणजे चहासुद्धा अंदाजानं न करणारा माणूस. त्यांनी अननस कटिंगच्या टेबलावर आडवा ठेवला, डोळे कुठल्या रेषेत जातात ते पाहिलं, खडूनं तिरप्या खुणा केल्या आणि त्या धरून सुरी चालवली. साल निघाली ती एखाद्या गळ्याच्या पट्टीसारखी, एकसंध. फोडी मिक्सरमध्ये फिरवल्या, साखर घातली, घशाला बरं म्हणून अख्खं लिंबू पिळलं आणि पेला वर नेला.

अक्कानं एक घोट घेतला. भुवया वर गेल्या. पेला खाली.

"गोडी कमी."

मास्तरांनी साखर वाढवली. मंगळवारी सकाळी एक घोट झाला. "चोथा लागतो." मास्तर खाली आले, अस्तराची नवी मलमल धुतली आणि रस तिच्यातून दोनदा गाळला. असं गाळलं की अननसालासुद्धा आपण आत होतो का याची शंका यावी. दुपारी अर्धा घोट. "फार गार." बुधवारी "कोमट". बुधवारी संध्याकाळी "वास".

"वास? अक्का, अननसाला अननसाचा वास येणारच. मोगऱ्याचा कुठून आणू?"

"मग राहू दे."

"राहू देणार नाही. तू पीपर्यंत मी करणार. दुकान बंद पडलं तरी चालेल."

"शीव तू कपडे."

पाचव्या अननसाला फळवालीनं तोंड उघडलंच. "मास्तर, सरबताची गाडी टाकताय काय? आधी सांगा, मी घाऊक भावानं देते."

"अक्काला हवंय."

"पितात का?"

"घोट घेते आणि नाव ठेवते."

"म्हणजे बऱ्या होताहेत," फळवाली म्हणाली.

मास्तरांना हसू आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तर निदान घडा तरी हसतमुख हवा. अक्काचे ओठ भेगाळले होते, आणि शुक्रवारला दीड दिवस उरला होता.

गुरुवारी सकाळी दुकानात ठेकेदार आले. यांचा कोट तिसऱ्यांदा परत आला होता. पहिल्यांदा म्हणाले बाही ओढते. बाही सोडली. मग म्हणाले कॉलर टोचते. कॉलर बदलली. आज म्हणत होते, "मास्तर, बटणं चुकीच्या जागी लावलीत तुम्ही."

मास्तरांनी टेप काढला आणि ठेकेदारांच्या पोटाभोवती फिरवला. मापाच्या वेळेपेक्षा अडीच इंच जास्त.

"मुलीकडे राहून आलात?"

"महिनाभर," ठेकेदार म्हणाले, आणि कान लाल झाले.

चाळीस वर्षांच्या धंद्यात मास्तरांनी एवढं शिकून घेतलं होतं, की गिऱ्हाईक दर खेपेला नवीन जागी चूक काढतं तेव्हा कोटाला हात लावण्यात अर्थ नसतो. अंग बदललेलं असतं आणि ते सांगायची लाज वाटत असते. म्हणून ते कधी विचारत नसत, मोजत. जगाला हा नियम लावणारे मास्तर बहिणीला मात्र तीन दिवस विचारत बसले होते, आणि ती सांगेल तिथे उसवत होते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ठेकेदार गेले. टेबलावर अक्काचा शेवटचा गाऊन पडला होता, आत घ्यायचा राहिलेला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. चार इंच. सगळं अंगच आटलंय तर मग हिरड्या कशा सुटतील? आणि हिरड्या आटल्या, तर तोंडातली कवळी? ती तर कुणी आत घेतली नव्हती.

बटणं खुळखुळली, मास्तर जिना चढत होते.

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तर खुर्ची ओढून बसले, पेल्यात चमचा बुडवला.

"एकच चमचा. ट्रायल समज."

तिनं घेतला. या वेळी मास्तरांनी चव कशी ते विचारलं नाही, फक्त चेहरा वाचला. डावा गाल आत गेला, डावा डोळा मिटला, आणि तोंडात बारीकसं टक् वाजलं.

"डावीकडे खाली घासते ना?"

अक्कानं गालावर हात ठेवला.

"किती दिवस झाले?"

"तिथंच," ती म्हणाली. "वॉर्डात. रोज सगळ्यांसमोर काढून वाटीत ठेवायचे. मी बोलले तर हवा जायची. पलीकडच्या बेडवरची हसली." टक्, टक्. "चौतीस वर्षं बोलले मी, बारक्या."

म्हणून खिडकी बंद होती. म्हणून पुन्हा तिथं जायचं नव्हतं. आणि अननस मागितला तो खऱ्या हौसेनं. पण सोललेल्या हिरडीवर कच्चा अननस आणि वर भावाच्या मायेचं अख्खं लिंबू.

"मग मला सांगायचंस."

"तू हसला असतास."

मास्तर याला नाही म्हणणार होते. पण अक्का त्यांना अठ्ठावन्न वर्षं ओळखत होती. "थोडं हसलो असतो," ते म्हणाले. "आता कवळी काढ."

"तुझ्यासमोर नाही."

मास्तर खाली गेले आणि ट्रायल रूमचा हिरवा पडदा दांड्यासकट उतरवून वर घेऊन आले. पलंगापुढे दोन खुर्च्यांच्या पाठीवर दांडा ठेवला, पडदा ओढला. "या पडद्याआड अर्ध्या गावानं कपडे बदललेत," ते म्हणाले. "आजवर कुणाची गोष्ट बाहेर गेलेली नाही."

"तू सांगतोस की मला सगळ्या," पडदा म्हणाला.

मग त्यांनी सहावा अननस घेतला. लिंबाला हात लावला नाही. फोडी, मधला दांडाही बारीक चिरून, पातेल्यात पाणी घालून मंद आचेवर ठेवल्या. अननस शिजला की त्याची नांगी मोडते, असं फळवालीनं सांगितलं होतं. फेस आला तो काढला. फोडी पारदर्शक झाल्यावर साखर आणि चिमूटभर मीठ. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं, निवल्यावर मलमलीतून गाळलं आणि त्यात तेवढंच साधं पाणी घातलं. रंग फिका झाला, पण बोट बुडवून चाटलं तर जिभेला कुठं चरचर नाही.

पडद्याखालून पेला आत गेला. मास्तर काजं करायला घेतल्यासारखे सुई हातात धरून बसले. सुईत दोरा नव्हता. मग आतून घटाघटा आवाज आला, आणि रिकामा पेला बाहेर.

मास्तरांनी पलंगाच्या लाकडावर खडूनं एक रेघ मारली.

पुढच्या प्रत्येक पेल्याला ते दोनदा विचारत आणि तिसऱ्यांदा नुसताच आत सरकवत. रात्री झोपेपर्यंत चार रेघा झाल्या. शुक्रवारी सकाळी पातेलं संपलं तेव्हा सातवा अननस आला. दुकानाला कुलूप, ठेकेदारांचा कोट खुंटीवर.

दुपारी सिस्टर आली आणि पलंगापुढचा पडदा बघून दारातच थबकली. "हे काय, मास्तर, मापं घेताय?"

"आत हात घाला आणि तपासा. फक्त डोकावू नका."

सिस्टर शहाणी होती. तिनं पडद्याखाली हात घातला, अक्काच्या हाताची कातडी ओढून सोडली, आणि नाडी बघितली. "सोमवारपेक्षा बरं आहे," ती म्हणाली. मग तिची नजर रेघांवर गेली. "काल दुपारपासूनचे पेले," मास्तर म्हणाले. "पण सातच आहेत. आठ म्हटले होते मी."

"आठवा आत आहे."

"आत असून काय उपयोग? तांब्यापण उशाशीच होता."

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "सिस्टर, सोमवारी हिला दातांच्या डॉक्टरकडे नेतोय. कवळी आल्टर करायची आहे. तोवर भरती नको."

पडद्यामागे काहीच हलेना. सिस्टरनं घड्याळ बघितलं. मास्तर पडद्याकडे बघत राहिले, अख्खं दुकान पणाला लावल्यासारखे.

मग पडद्याच्या फटीतून हात बाहेर आला. पेला रिकामा होता. हाताच्या मागोमाग आवाज आला, परक्या माणसासमोर, कवळीशिवाय, मधे मधे हवा सुटत. पण खणखणीत, शेवटच्या घरापर्यंत जाईल असा.

"बारक्या, या खेपेला मीठ जास्त झालंय."

सिस्टर हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या शुक्रवारी येते म्हणाली.

मास्तरांनी आठवी रेघ मारली. मग पातेल्यात उरलेल्या सरबताचा चमचाभर चाखून पाहिला.

मीठ खरंच जास्त झालं होतं.