गोठ्याशेजारची गाडी

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. आमच्याकडे तसंच म्हणतात. त्यात माया असायलाच हवी असं नाही.

मी शहापूरच्या शाळेत शिकवते. पाहुण्यांसमोर मामा हे कौतुकाने सांगायचे आणि पाहुणे गेले की भाकऱ्या जाड झाल्या म्हणून ताट सरकवायचे. सासूबाई होत्या तोवर त्या मध्ये पडायच्या. त्या गेल्या. नवरा भिवंडीला गोदामात, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. मग सापगावच्या त्या घरात उरलो आम्ही दोघं, आणि एकमेकांच्या वाटेतून बाजूला व्हायला दोघांपैकी कोणी तयार नव्हतं.

गाडी मामांची होती. जुनी, पांढरी, गोठ्याच्या भिंतीला लागून उभी असायची. मुरबाडहून खत आणायचं, टोकावड्याला मुलीकडे जायचं, सगळं त्याच गाडीने. मग त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सुधारला, बोलणंही सुधारलं, पण डाव्या हाताची पकड गेली ती आलीच नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद करायला सांगितली. मी माहेरीच गाडी शिकले होते. नवऱ्याने किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा मामा जेवत होते. ते अर्ध्या जेवणावरून उठले.

त्यानंतर गाडी बिघडायला लागली आणि प्रत्येक बिघाड माझ्या नावावर जमा होऊ लागला. उजवीकडे वळायचा दिवा लावला की पुढचे दोन्ही दिवे मिणमिणायचे. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा उडी मारायचा. हॉर्न वाजायचा, पण घसा बसल्यासारखा.

"माझ्या हातात होती तवा असं कधी झालं नाय," मामा गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. "गाडीला पण हात कळतो."

टोकावड्याला माझ्या नणंदेकडे पूजा होती. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मामांना घेऊन मीच गेले. परत येताना ते माझ्या शेजारी बसून प्रत्येक गिअरला हुं करत होते. मुरबाडच्या अलीकडे त्यांना चहा हवा झाला. ढाब्यावर थांबलो, चहा झाला, गाडीत बसलो आणि मी किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक. बास.

"मारलीस," मामा म्हणाले.

"बॅटरी असंल, मामा. बघते."

"तू काय बघणार? फळ्यावर लिहायचंय काय?"

तेवढ्यात घाटाकडून मुरबाडची एसटी आली. मामा गाडीतून उतरले, चांगला हात वर करून त्यांनी बस थांबवली आणि पायरी चढताना मागे वळून म्हणाले, "तू ये मागून. नायतर ढकल." बस निघून गेली. ढाब्यावरची माणसं माझ्याकडे बघत होती. एकाने मदत करू का विचारलं. मी त्याला नको म्हणाले, आणि तेही चांगल्या शब्दांत नाही.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरा-हिरवा भुगा साचला होता, भातावर मारायच्या मोरचुदासारखा. जाड वायर हाताने धरून पिळली. गाडीचं दार उघडंच होतं. छतातला विझलेला दिवा भक्कन लागला. वायर सोडली, गेला. परत पिळली, लागला. गाडी मेली नव्हती. वीज तिथवर येत होती आणि त्या भुग्यात अडकत होती. मी पूजेच्या प्रसादाच्या डब्यातल्या चमच्याने जेवढं खरवडता आलं तेवढं खरवडलं, वायर दाबून बसवली आणि किल्ली फिरवली. चालू झाली.

मुरबाड स्टँडवर शेडखाली मामा शहापूरच्या बसची वाट बघत उभे होते. त्यांनी गाडी ओळखली. मी वेग कमी केला. त्यांनी तोंड फिरवलं. मी ब्रेकवरचा पाय काढला आणि पुढे निघून आले. ते माझ्यानंतर बऱ्याच वेळाने घरी पोचले. त्या दिवशी मी स्वयंपाक केला, ते जेवले.

पुढच्या रविवारी मी गाडी अंगणात ओढून घेतली. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघितले होते, तेवढंच माझं शिक्षण. मामांच्या पत्र्याच्या पेटीत बघितलं तर नेमका बॅटरीला लागणारा पाना गायब. बाकीचे सगळे होते.

"मामा, छोटा पाना कुठंय?"

"मला काय माहीत? मी काय आता गाडीवाला हाय?"

मी शहापूरला गेले आणि नवीन पाना आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, घरच्या माणसाला पाठवा, कुठला लागतो ते त्याला कळंल." मी पाना त्याच्या काउंटरवर आपटून म्हणाले, "हाच. पिशवीत घाला."

घरी येऊन पहिलीच चूक केली. वजा बाजूची वायर आधी काढायची असते. मी अधिकची काढायला गेले. पाना बाजूच्या पत्र्याला टेकला आणि ठिणग्या उडाल्या. मी किंचाळून मागे सरले. ओट्यावर बसलेले मामा मोठ्याने हसले. झटका आल्यापासून मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं.

"पेटव, पेटव. म्हणजे सुटलीस."

मी पुन्हा वाकले. आधी वजा बाजू काढली, मग अधिक. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टोकांवर ओतला. फसफस करत सगळी घाण वाहून गेली. पॉलिश पेपरने घासून टोकांचं शिसं चकचकीत केलं. मग वजा बाजूची ती जाड वायर गाडीच्या अंगाला जिथे बोल्टने जोडलेली असते तिथे उतरले. बोल्ट सुटता सुटेना. सुटला तेव्हा खाली नुसता गंज होता. दिवे मिणमिणतात आणि काटा उडतो तो यामुळे, हे व्हिडिओत ऐकलं होतं. आता ते माझ्या बोटांना लागलं.

पुढच्या दिव्यामागे हात घातला आणि चिकटपट्टीचा गोळा हाती आला. वायरिंगची टेप नव्हे; खरचटल्यावर जखमेला लावतात ती.

"तिला हात लावू नको." मामा ओट्यावरून उठले होते. "ती माझी जोडणी हाय."

"आत सडलीय."

"सडू दे. मी जोडलीय ती. इतकी वर्षं चालली."

मी त्यांच्याकडे बघत पट्टी कापली. आतली तार हिरवी पडून ठिसूळ झाली होती, बोटात धरताच तुटली. मी वायर मागे मागे कापत गेले, लाल तांबं दिसेपर्यंत. मामा तिथेच उभे होते. काहीतरी बोलतील असं वाटलं. ते माझ्या पायाजवळ थुंकले आणि आत गेले.

संध्याकाळी सगळं जोडलं, वर व्हॅसलिन लावलं आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू. दिवे स्थिर. हॉर्न मी गरज नसताना वाजवला, चांगला लांब.

गोठ्यातल्या मुताने आणि ओलीने तांबं लवकर खराब होतं, हे कळल्यावर मी गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावायला लागले. दुसऱ्या दिवशी मामांनी त्या जागी खुंटा ठोकून म्हैस बांधली. मी गाडी ओट्याला चिकटवून उभी केली. त्यांना अंग तिरकं करून बाहेर पडावं लागायचं. नवरा म्हणाला, "तुमी दोघं काय लहान पोरं आहात का?"

त्या गाडीत मामा पुन्हा बसले नाहीत. शहापूरला दवाखान्यात जायचं असलं की फाट्यावर जाऊन टमटमची वाट बघायचे, आणि मी त्याच रस्त्याने त्यांच्यासमोरून जायची.

एका दुपारी शाळेतून येऊन गाडी लावून उतरले, तर अंगणात थांबलेला मुरबाडचा एक माणूस गाडीभोवती फिरू लागला. मामांनी गाडी विकायला काढली होती. मलाच काय, नवऱ्यालाही विचारलं नव्हतं. त्या माणसाने माझ्याकडून किल्ली मागून घेतली, गाडी चालू केली, दिवे बघितले, हॉर्न वाजवला.

"जुनी आहे, पण करंट चांगला आहे," तो म्हणाला.

"वायरिंग सगळी मी केलीय," मामा म्हणाले. "माझ्या हातानं."

"मी केलीय," मी म्हणाले.

तो माणूस आधी माझ्याकडे, मग मामांकडे बघून हसला. मामा म्हणाले, "सून हाय. थट्टा करते. जा गो, पाणी आण."

मी पाणी आणलं नाही. गाडी बंद केली, बॉनेट उघडलं, पर्समधला पाना काढून वजा बाजूची वायर सोडवली आणि पाना मामांसमोर धरला.

"लावा. तुमच्या हातानं."

त्यांनी पाना घेतला. उजव्या हाताने तो धरला, पण वायर दुसऱ्या हाताने दाबून धरावी लागते. डावी बोटं वायरवर ठेवली, ती घसरली. परत ठेवली, परत घसरली. तो मुरबाडचा माणूस मोबाइलमध्ये बघायला लागला. मामांच्या कपाळावर घाम आला होता. "मी लावते" म्हणण्याएवढा वेळ मला होता. मी म्हटलं नाही. शेवटी त्यांनी पाना कुंपणापलीकडच्या भाताच्या चिखलात भिरकावला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

पाना शोधायला मी गेले नाही. पेटीतल्या पकडीने वायर आवळून दिली. त्या माणसाने गाडी घेतली ती घेतलीच. कोणी काय जोडलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

त्यानंतर मी काही महिने बसने शाळेत गेले. मग माझ्या नावावर एक वापरलेली गाडी घेतली. घेण्याआधी मालकासमोर बॉनेट उघडून टोकं बघितली, बोल्ट खरवडून बघितला. मालक वैतागला; मी बघत राहिले. आता ती गाडी अंगणात माझ्या जागी उभी असते. मामांना दर महिन्याला दवाखान्यात तपासायला जावं लागतं. ते फाट्यावर उभे असतात. त्यांनी हात केलेला नाही, आणि मीही थांबलेली नाही.