पडद्यावरचा तांब्या

माझ्या भावावर सिनेमा निघाला होता. सिनेमा म्हणजे नऊ-दहा मिनिटांचा माहितीपट, दारू सुटलेल्या एका गायकाचा. दारूबंदीच्या प्रचाराची गाडी गावोगाव फिरायची, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायची आणि त्या पडद्यावर माझा भाऊ गायचा. लोक टाळ्या वाजवायचे. त्या सिनेमात एका जागी एका बाईचा हात दिसतो, तांब्या पुढे करणारा. बाईचं तोंड दिसत नाही. तो हात माझा. त्या तांब्यात काय होतं हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं गेली, म्हणून आता लिहायला बसले आहे. याला कुणी धाडस म्हणू नये.

आमचं गाव येडशीच्या अलीकडे. बहात्तरच्या दुष्काळात झाडून सगळी माणसं पाझर तलावाच्या आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर होती, आमच्या बौद्धवाड्यातली आणि वरच्या आळीतलीही. उन्हानं सगळ्यांना एका ओळीत बसवलं, पाण्याच्या टिपाडापाशी मात्र ओळी दोनच राहिल्या. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली होते. भाऊ माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण शाळा त्यानं दुसरीतच सोडलेली. मला गाणी जुळवायचा नाद होता. कामावर खायला वाटायच्या सुकडीच्या पिशवीचा जाड कागद फाडून मी त्यावर लिहायची आणि दुपारी भाकरी खाताना त्याला वाचून दाखवायची. दोनदा ऐकलं की त्याला पाठ व्हायचं.

‘हातानं आमच्या फुटली खडी, वाटेनं त्या आली कुणाची गाडी’ हे त्यातलं पहिलं गाणं. शब्द काही फार थोर नाहीत, मला कळतं. पण तो गायला लागला की हातोड्या थांबायच्या. मुकादम ओरडत यायचा आणि मग तोही तिथंच खडीच्या ढिगावर टेकायचा. त्याचा आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. आयुष्य शब्द जुळवण्यात घालवलं आणि नेमकं हेच सांगता येत नाही, याचा मला राग येतो. एवढंच सांगते की माझं गाणं त्याच्या तोंडून ऐकलं की ते मी लिहिलंय यावर माझाच विश्वास बसायचा नाही.

गाण्याआधी तो मला म्हणायचा, “आक्का, पाणी दे.” टँकरचं गढूळ पाणी मी तांब्यानं त्याच्या हातात द्यायची, दोन घोट घेऊन तो सुरू व्हायचा. पुढं त्याची गायन पार्टी झाली, पेटी, ढोलकी आणि मागं तिघं कोरसला, तरी हा रिवाज राहिला. जवळपास कार्यक्रम असला की मी जायची, स्टेजवर चढून त्याला तांब्या द्यायची आणि खाली येऊन बायकांत बसायची. लांबच्या गावी मी नसायची. तिथं तांब्या कोण भरायचं आणि कशानं, ते मला फार उशिरा कळलं.

नाव मात्र लई झालं. जयंतीच्या महिन्यात त्याला घरी जेवायला सवड नसायची. मग जिल्ह्यात साखर कारखान्यांचे दिवस आले. शेअर गोळा करायच्या सभा, मोळी टाकायचे समारंभ. सभेला माणूस जमत नाही म्हटलं की जीप आमच्या दारात उभी. गर्दी जमवायला माझा भाऊ, भाषणाला ते. गाणं संपलं की मांडवामागं कुणीतरी खांद्यावर हात टाकून म्हणायचंच, “चला, घसा ओला करा.” कुणी वाईट बुद्धीनं पाजत नव्हतं हो, प्रेमानंच पाजायचे. नको म्हटलं तर त्यांचा अपमान व्हायचा, आणि आमच्या नकारानं कुणाचा अपमान व्हावा इतकी आमच्या घराची तोवर किंमत नव्हती. त्याला त्याचंच अप्रूप वाटलं. मला विचाराल तर दारू त्याला नंतर लागली, हे अप्रूप आधी लागलं.

पुढच्या आठ वर्षांत त्याचं काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. पार्टी मोडली. त्याला पोरी दाखवणाऱ्यांना जावई म्हणून त्याचं गाणं हवं असायचं, तो नको असायचा. मी तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले होते, आणि नवऱ्याशी न पटल्यामुळं माहेरीच राहत होते. माझ्या तोंडाला सगळा गाव भ्यायचा. भाऊ तेवढा भीत नव्हता, मी कितीही बोलले तरी हसायचा. एक दिवस त्याला रक्ताची उलटी झाली. सोलापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मायला आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “आता एक घोटसुद्धा चालायचा नाही. घेतली तर हा माणूस हाताला लागणार नाही.”

गावी आल्यावर त्यानं विहारात जाऊन सगळ्यांसमोर पंचशील घेतलं. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली. पाचव्या शीलापाशी, मादक पदार्थापासून दूर राहीन म्हणताना, तो हुंदके द्यायला लागला. मायनं तिथंच खाली बसून जमिनीला डोकं टेकलं. आणि त्यानं शब्द पाळला. दूध सोसायटीत पहाटे कॅन धुवायचं काम धरलं. दुपारी मायसोबत अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचा आणि कपात चार चमचे साखर घालून चहा प्यायचा. सात महिने असे गेले. माय त्या सात महिन्यांत अंगानं भरली.

मी खूष होते का? व्हय म्हणावंसं वाटतं, पण ते खोटं होईल. तो गात नव्हता. घरात गुणगुणतसुद्धा नव्हता. माझी वही फळीवर धूळ खात पडली होती, आणि शेंगा फोडणाऱ्या त्या शहाण्या, मवाळ माणसाकडं बघून माझ्या मनात येऊन जायचं, यापेक्षा तो पिणारा परवडला. हे मनात आलं होतं. आता झाकून काय उपयोग?

अशात ती सिनेमावाली मंडळी आली, तिघं जण, जीपनं. त्या डॉक्टरांकडूनच त्यांना कळलं होतं. मोठा गायक, दारूपायी मातीत गेलेला, पुन्हा उभा राहिलेला, अशी त्यांना गोष्ट हवी होती. पाण्याचा रिवाज ऐकून त्यांचे साहेब फारच खूष झाले. म्हणाले, “बहीण पाणी देते आणि भाऊ गातो, इथूनच सुरुवात करू.” पाझर तलावाच्या बांधावर, आम्ही फोडलेल्या खडीवर, त्यांनी कॅमेरा लावला. गाणंही तेच ठरलं, खडीचं.

पहिल्या दिवशी त्याला जमलंच नाही. मी तांब्या दिला, तो पाणी प्याला, उभा राहिला आणि तोंडातून आवाजच निघेना. निघाला तो आजारी म्हाताऱ्यासारखा. मानेवरून घाम गळत होता. कितीतरी वर्षांत तो शुद्धीत चार माणसांसमोर गायला नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही तोवर माहीत नसावं. पाच-सहा वेळा करून पाहिलं. मध्येच येडशीकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी झाली, म्हणून सगळे थांबले, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आक्का, राहू दे. मला न्हाय जमायचं आता.”

साहेब भला माणूस होता. म्हणाला, “काही हरकत नाही. उद्या नुसतं यांचं बोलणं घेऊ, आईबरोबरचे दोन शॉट घेऊ. गाण्याशिवायही होईल सिनेमा.”

गाण्याशिवायही होईल. सिनेमा अडणार नव्हता, भावाचं नाव जाणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त माझं गाणं. सबंध जिल्ह्यात ती गाणी त्याची म्हणून ओळखली जात, कधी कुणी विचारलं नाही की ही लिहितं कोण. साहेबानं मात्र विचारलं होतं, आणि सिनेमात सुरुवातीला गीतकार म्हणून तुमचं नाव घालू असं म्हणाला होता. ते नाव पडद्यावर उमटलेलं मला दिसायला लागलं होतं. उद्या दुपारी अजून एकदाच गाऊन बघू, असं मीच साहेबाला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेची मधली सुट्टी झाली तशी मी कारखान्याच्या रस्त्यावरच्या खोपटात गेले. तिथली बाई माझ्याकडं बघतच राहिली. “बाई, तुम्ही? इकडं?”

“मायचे गुडघे धरलेत,” मी म्हटलं. “चोळायला पाहिजे.”

तिनं पहिल्या धारेची दिली. पाण्यासारखी नितळ असते ती.

बांधावर मी तांब्या पुढं केला. कॅमेरा चालू होता. त्यानं तांब्या तोंडाजवळ नेला आणि थांबला. वास त्याला कळला नसेल असं कोण म्हणेल? त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, विचारल्यासारखं पाहिलं. पहिली ते मॅट्रिक शिकलेली, गावाला वळण लावणारी त्याची आक्का, तिला विचारत होता तो. मी म्हणाले, “पाणीच हाय. पी.”

तो प्याला. दोन घोट नाही, सगळा तांब्या रिकामा केला.

आणि मग गायला. तसा तो आधी कधी गायला नव्हता. साहेब डोळे पुसत होता, कॅमेरावाल्याचे ओठ हलत होते. मला आनंद झाला होता. होय, त्या क्षणी मला निव्वळ आनंद झाला होता, आणि त्याचीच मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

जीप गेली त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला नाही. मला शोधावं लागलं नाही, खोपट ठाऊकच होतं. मायनं त्याच्या पायावर डोकं आपटलं, मी वाट्टेल ते बोलले. होय, मीच बोलले, आणि वरून शीलाची आठवण करून दिली. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. एकदाही घेतलं नाही.

वर्ष पुरं व्हायच्या आत तो सोलापूरच्या त्याच दवाखान्यात गेला. मी शाळेत होते. माय एकटी जवळ होती. त्यानं पाणी मागितलं, तांब्या रिकामा होता, म्हणून ती खाली नळावर भरायला गेली. वर येईतोवर संपलं होतं. पुढं मायला दुसरं काही सुचेना. भाकरी थापताना, झाडताना, कुणी भेटायला आलं की तेच बोलायची, “लेकरानं पाणी मागितलं हो, आन् त्याला पाणी न्हाय मिळालं.”

तीन महिन्यांनी प्रचाराची गाडी आमच्या गावात आली. शाळेच्या पटांगणात दिवेलागणीला पडदा बांधला. सगळा गाव जमला होता, माय सगळ्यांत पुढं जमिनीवर बसली आणि मला तिनं शेजारी ओढून बसवलं. नावं येऊन गेली. गीतकाराचं नाव त्यात नव्हतं. ‘पारंपरिक गीत’ असं होतं. मग बांध दिसला, खडी दिसली, आणि माझा हात तांब्या घेऊन पुढं आला. सिनेमात मागून कुणीतरी भारदस्त आवाजात सांगत होतं की आज या कलावंताच्या तांब्यात फक्त पाणी असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मायनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं माझा हात धरला, पडद्याच्या उजेडात उलटासुलटा करून पाहिला. “तुझाच हात हाय की गं,” ती म्हणाली. “मी उगंच जीव खात बसले, लेकराला कुणी पाणी पाजलं न्हाय म्हणून. तू पाजलंस की.”

आणि तिनं तो हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. मी तो काढून घेतला नाही.