दवंडीतली गाय

सरकारी मदतीचे किस्से आमच्या गावात घराघरांत साठलेत. एक सांगायला घ्यावा तर शेजारीण म्हणते, "थांब व माय, माह्या आयक!" हसायला सुरुवात होते, अन् मग कोणीच हसत नाही. माझ्या वाट्याचे तेवढे सांगते.

*

ब्लॉक ऑफिसच्या साहेबांनी हुकूम काढला, मदत कोणाला मिळाली ते साऱ्या गावाला कळलं पाहिजे. दवंडी द्या! किसन कोतवाल डफडं घेऊन निघाला, तो भर दुपारी. सारा गाव कापसाच्या वेचणीला. घरी मी, कारण बाळू अंगावरचा. आणि शेजारची म्हातारी, ती ठार बहिरी.

मी म्हटलं, "किसनभाऊ, आयकाले हाय कोण?"

"वहिनी, मले वाजवाले सांगतलं. कोणी आयकलं पायजे, असं नाई सांगतलं!"

*

तर ऐकणारी मी एकटी. पाटलांना फवारणीचा पंप. पाटलांच्या भावाला बियाणं. आणि पाटलांच्या नातवाला लोखंडी नांगर! हा नातू आमच्या बाळूच्या बरोबरीचा, अजून रांगतही नाही.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाह्य! त्याचं पोरगं नांगराले लागलं, अन् आपलं नुसतं रडून राह्यलं!"

*

बाळू रडायचा, कारण मला दूध कमी. भाताच्या पेजेवर पोर किती दिवस काढणार? रात्री त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायची अन् झोप उडायची. म्हणून यांनी ग्रामसेवकाकडे गाईसाठी अर्ज केला. ग्रामसेवक म्हणाले, "आधी गोठा दाखवा." यांनी घराच्या कुडाच्या भिंती काढून गोठा उभा केला. घरात वारं शिरू लागलं, गोठा मात्र पक्का!

सासूबाई म्हणाल्या, "गाय येईपर्यंत आपणच राहू त्यात."

*

एका दुपारी पुन्हा डफडं वाजलं. यांचं नाव आलं! "जातिवंत गाय मिळाली होऽऽ!"

मी बाळूला घेऊन गोठ्याकडे धावले. रिकामा.

हे ग्रामसेवकाकडे गेले. ते म्हणाले, "गाय पाटलांकडे सांभाळायला ठेवली आहे. तुमच्याकडे चारा कुठे?"

"मंग दूध?"

"चारा त्यांचा, तर दूध कोणाचं?"

"मले गाय भेटली नाई, असं सांगतो मी सायबाले."

"दवंडी झाली ना? आता नाही म्हणाल, तर साऱ्या गावासमोर तुम्हीच खोटे पडाल!"

*

मग साहेब तपासणीला यायचे ठरले. त्या सकाळी पाटलांचा गडी गाय घेऊन आला. शिंगांना गेरू, गळ्यात घंटी. म्हणाला, "सायब गेले का घेऊन जातो. नुसती बांधून ठेवा, हात नका लावू."

तो तंबाखू मळत दारात बसला. मी मागून गोठ्यात शिरले अन् मिळालं तेवढं दूध काढलं. बाळूनं वाटीला तोंड लावलं ते सोडेचना. थेंबही न ठेवता प्यायला अन् पेंगला. पोट भरून झोपलेलं पोर मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

तेवढ्यात साहेब आले. गाय पाहून खूश! ग्रामसेवक म्हणाले, "वहिनी, साहेबांना चहा ठेवा."

मी चहा आणला. साहेबांनी कपात पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, अन् हसले. "काय बाई, दारात जातिवंत गाय, आणि चहा कोरा?"

ग्रामसेवक डोळ्यांनी मला दटावत होते. हे खाली मान घालून उभे.

मी म्हटलं, "सायब, गाय आत्ता जाते. पोरगं इथंच राह्यते."