घरच्या वायफायवरची तालीम

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी भजनाची तालीम असते. सासरे पेटी वाजवतात, गातातही. पखवाजाला त्यांचे शाळेपासूनचे मित्र जवळच्या चोपडे गावाहून स्कूटरने येतात. त्यांना आम्ही काका म्हणतो. बाकीचे झांजा धरतात आणि मागून म्हणतात. लग्न होऊन डिचोलीहून पेडण्यात आले तेव्हापासून मी एकच भांडण ऐकत होते. अभंग शेवटाकडे पळू लागतो, तो पळवतो कोण?

"तू हात आवर," सासरे म्हणायचे.

"बघतंय," काका म्हणायचे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

शेवटी सासऱ्यांनी मला तालीम फोनवर रेकॉर्ड करायला सांगितली. ऐकलं म्हणजे कळेल, असा त्यांचा हिशेब. मी दर गुरुवारी फोन पेटीजवळ ठेवू लागले आणि फोन भरून गेला. मंडळाच्या ग्रुपवर टाकते म्हटलं, तर सगळेच नको म्हणाले. चुकलेलं गाणं गावभर कशाला? इंटरनेटवर जागा मिळते, असंही मी सुचवलं. ती जागा म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी कॉम्प्युटर, हे कळल्यावर सासरे म्हणाले, "मगे नाकाच. घरातला घरात ऱ्हवांदे."

माझा कॉलेजातला लॅपटॉप कपाटात पडून होता. स्क्रीन अर्धी काळी, बॅटरी फुगलेली. म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याने बॅटरी काढून टाकली आणि सांगितलं, चार्जर लावलेला असेपर्यंत चालेल, उचलून फिरवू नका. मला तो फिरवायचा नव्हताच. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर मी सांभाळते. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. व्हिडिओ बघत बघत लॅपटॉप टीव्हीला जोडला, जुनं सगळं पुसून लिनक्स नावाची फुकट सिस्टिम घातली, त्यावर गाणी ऐकवणारं एक ॲप बसवलं. घरच्या वायफायवर आलेल्या कुणालाही आपापल्या फोनवर सगळ्या तालमी ऐकता येतील, अशी सोय.

"ह्यापेक्षा पेनड्राइव्ह घे," नवरा म्हणाला.

सुरुवातीला त्याचंच खरं ठरतंय असं वाटलं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जायचा. ती सेटिंग सापडली, तर वीज जायला लागली. मग तो इन्व्हर्टरवर घेतला. त्यानंतर मात्र तो बंद पडला नाही.

वायफाय अंगणापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे मंडळी बाहेरच्या सोप्यावर ओळीने बसायची, कानात इअरफोन, प्रत्येकाचा अभंग वेगळा. एकाने स्वतःचा आवाज ऐकला, "ह्यो माझो?" असं विचारलं आणि पुढचे काही गुरुवार तो आला नाही. काका कधीच ऐकत नसत. सासरे दुपारी एकटे ऐकायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, थोडंसंच मागे कसं जायचं. मी दाखवलं.

पुढच्या गुरुवारी काका नेहमीप्रमाणे लवकर आले. मी चहा आणि उंडे, म्हणजे बेकरीचे गोल पाव, घेऊन बाहेर आले, तेव्हा सासऱ्यांनी फोन दोघांच्या मध्ये ठेवला होता.

"ऐक. हंय."

ओळ वर चढते आणि वरच धरून ठेवायची असते, ती जागा होती. सासऱ्यांचा श्वास तिथे संपत होता आणि ते वेळेआधीच पुढच्या ओळीवर येत होते. पखवाज क्षणभर जागेवर थांबत होता, मग त्यांच्यामागून जात होता. त्यांनी तो तुकडा दुसऱ्या तालमीतला लावला, मग तिसऱ्या. सगळीकडे तसंच.

"हंय तू थांबलंस. मगे माझ्या फाटसून धावलंस."

काकांनी चहाचा घोट घेतला. "धावचा लागता. नायतर तू थंय एकटो पडशीत."

"तुका ठावक होतां?"

"बरीच वर्सां झाली."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगलं असतंय तर तू गाणां सोडलं असतंस."

मी आत जायला हवं होतं, पण ट्रे हातात घेऊन तिथेच उभी राहिले. फोनवर तालीम पुढे चालूच होती. ती सासऱ्यांनी बंद केली आणि उंडा मोडून चहात बुडवला. बाकीचे आले, पेटी उघडली. त्या दिवशी त्यांनी पट्टी एका स्वराने खाली घेतली. तरी श्वास पुरला नाही.

जाताना काका माझ्याजवळ थांबले. "बाय, तू ह्यां बरां केलंस काय वायट, माका समजणां नाय."

"मलाही नाही, काका," मी म्हटलं.

गाजावाजा काहीच झाला नाही. पुढच्या काही तालमींत सासरे लांब ओळी झांज वाजवणाऱ्या एकाला देऊ लागले. तो बस चालवतो. आवाज मोठा, सूर जरा कच्चा. मग अख्खे अभंगच त्याच्याकडे गेले. सासरे पेटीवर राहिले. हात आवर, असं त्यांनी काकांना नंतर कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

यंदा देवळातल्या भजनाला त्यांनी एकही अभंग म्हटला नाही. मी मागे बायकांत फोनवर रेकॉर्ड करत बसले होते. बसवाल्याचं गाणं बरं झालं. परतताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "तेचां तार सप्तक चांगलां आसा. खाली मात्र दाबून म्हणता. ता तेका सांगूक व्हयां."

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले. आजचं लगेच ऐकणार का, मी विचारलं. उद्या बघू म्हणाले. आजचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर जावं म्हणून मी फोन वायफायला जोडला आणि भात लावायला गेले.