कीबोर्डातली मावा जिलबी
मावा जिलबीचा वास आला की मला मी शिकवायचे त्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवते. तिची एक किल्ली हेडमास्तरांकडे, दुसरी माझ्याकडे, आणि दारावर माझ्याच अक्षरातली पाटी: "जोडे बाहेर, खाणं बंद." रुबाब असा, जणू कॉम्प्युटर मीच जन्माला घातला होता! एका सकाळी तो सुरूच होईना, नुसता पीं-पीं ओरडत राहिला. "ज्याने बिघडवला त्याला या खोलीत पाऊल ठेवू देणार नाही," हेडमास्तर गरजले. गावातल्या शनवारा चौकातून आलेला मेकॅनिक एकेक भाग काढून पाहू लागला. "मॅडम, मेमरी तर चांगली आहे. कार्ड भी ठीक." शेवटी त्याने कीबोर्डची वायर उपसली आणि आवाज थांबला. कीबोर्ड उलटा करून आपटला, तर तीन मुंग्या आणि जिलबीचा तुकडा पडला. पाकाने एक बटण खाली चिकटून बसलं होतं. आदल्या दुपारी तिथेच बसून मी जिलबी हादडली होती. कबूल करायला तोंड उघडणार, तोच हेडमास्तर घसा खाकरून हळूच म्हणाले, "बाई, कोणाला सांगू नका. काल संध्याकाळी मी एकच खाल्ली हो." मी लबाडीने गंभीर चेहरा करून त्यांना माफ केलं. आज नातू विचारतो, "आजी, मग नक्की जिलबी कोणाची होती?" मी ताटलीतली दुसरी जिलबी उचलते.