न केलेल्या शिऱ्याचे मार्क

“तू स्टोव्हपाशी येऊ नकोस गं. भांडी निघतील तेवढी घासायला घे.”

गृहशास्त्राच्या बाई हे अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मुलुंडची शाळा, आठवीचा वर्ग, स्वयंपाकाचा पहिला तास. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. बाकीच्या मुली शिऱ्यासाठी रवा भाजत होत्या आणि मी, महाराची पोर, मोरीत बसून पातेल्याला राख लावत होते. शिरा सगळ्या मुलींनी खायचा होता. म्हणून माझा हात नको. शेवटी मला कागदावर घास मिळाला, वरून टाकलेला. मी खाल्ला. चांगला झाला होता, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

मुळात हा विषय मी मागितलाच नव्हता. मला बीजगणित-भूमिती हवी होती. ती घेतल्याशिवाय पुढे सायन्सला जाता येत नाही आणि सायन्सशिवाय इंजिनियर होता येत नाही, एवढं मी विचारून ठेवलं होतं. माझा बाप रेल्वेत ट्रॉली ढकलायचा. अनवाणी, रुळावरून धावत. वर छत्रीखाली इंजिनियर बसलेला. तो पूल बघायचा, रूळ बघायचा, बोट दाखवायचा आणि माणसं कामाला लागायची. मला ती जागा हवी होती. छत्री नसली तरी चाललं असतं.

हेडमास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, “मुलींना गृहशास्त्र. आणि तू इंजिनियर कसली होतेस? तुमच्यात मुलगी शाळेत आली हेच पुष्कळ झालं.” पोरं हसली. मीही हसले. का हसले, कुणास ठाऊक. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

शिऱ्यानंतर भात झाला, थालीपीठ झालं. माझ्यापुढे भांडीच. शेजारच्या वर्गातून भूमिती ऐकू यायची. त्रिकोण, लंब, कोन. एकेक धडा हातातून निसटत होता. सहामाही जवळ आली. त्यानंतर विषय बदलता येत नसे.

मी विचारलं, “बाई, परीक्षेत मी काय करू?”

“काही करू नकोस. मार्क देईन ना मी तुला.”

न केलेल्या शिऱ्याचे मार्क. बाई दुष्ट नव्हत्या. त्या मला अशाच मायेने अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत ढकलत नेणार होत्या. मग बाहेर कुणी विचारलं असतं, तुला येतं काय? भांडी.

मी उठले. ओल्या हातांनीच शेजारच्या वर्गात गेले आणि रिकाम्या बाकावर बसले. गणिताच्या मास्तरांनी शिकवणं थांबवलं. हेडमास्तरांना बोलावणं गेलं.

“कुणाच्या परवानगीने?” त्यांनी विचारलं.

“सर, मला स्टोव्हला हात लावू देत नाहीत. मग तो विषय माझा कसा? इथे कुणाला काही खायचं नाहीये. इथे मी चालेन.”

या वेळी कुणी हसलं नाही. हेडमास्तर अगदी हळू म्हणाले, “बस. पण नापास झालीस तर तुझ्यामागून तुमच्यातली एकही मुलगी या वर्गात बसणार नाही. ध्यानात ठेव.”

माझी धाकटी बहीण तेव्हा त्याच शाळेत पाचवीत होती.

मास्तर पुन्हा शिकवू लागले, माझ्याकडे पाठ करून. शेजारच्या बाकावरचा मुलगा दप्तर उचलून पुढे सरकला. एक पायरी कळली नाही म्हणून मी हात वर केला. हात भरून आला तरी मास्तरांना तो दिसला नाही.

घरी बाप म्हणाला, “पोरी, त्यांच्या डोळ्यावर आलीस तू. आता सोडायचे नाहीत तुला. गप भांडी घासली असतीस तर पास तरी झाली असतीस.” तो खोटं सांगत नव्हता. पेपर तेच तपासणार होते.

नापास व्हायची मोकळीक त्या वर्गात सगळ्यांना होती. मला नव्हती. तरी मी बापाला सांगितलं, “मोरीत मी परत बसणार नाही. नापास केलं तर का केलं ते सगळ्यांसमोर विचारीन. आणि पास झाले तर त्यांचे आभार मानणार नाही.”