हाड बसू दे

वासराचे दोन पाय बाहेर दिसत होते आणि डोकं नव्हतं. कालवड मान टाकून आडवी पडलेली. कळा येत होत्या आणि वाया जात होत्या. भर दुपारची वेळ, जनावरांचा डॉक्टर उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेला. भाभीचा नवरा फोन धरून उभा होता आणि फोनमधून डॉक्टर ओरडत होता, "डोकं मागं वळलंय. कुणाचा हात बारीक आहे? आत घाला आणि सरळ करा."

बारीक हात भाभीचाच. पण त्यात काचेच्या बांगड्या गच्च.

"फोड त्या!" मी म्हणाले.

"तोंड सांभाळ, आक्का. नवरा समोर उभा हाय."

"अगं, मी काय मरत न्हाई! फोड!" नवरा म्हणाला.

भाभीनं ऐकलं नाही. बादलीत साबणाचा फेस केला आणि एकेक बांगडी उतरवायला बसली. कालवड मरायला टेकलेली, आणि हिचं हे. ती बांगड्या उतरवते तोवर तुम्हाला तिची ओळख करून देते.

भाभी माझी शेजारीण. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात आणि भोवतालच्या वाड्यांवर बांगड्या भरायची. समोर हात आला की मनगट बघायची नाही. अंगठ्याखालचं हाड दाबायची. नव्या नवरीला गच्च बांगड्या पाहिजे असतात. भाभी म्हणायची, "मनगट बारीक असून काय करती, पोरी? हाडावरनं जायाला पायजे. हाड बगावं."

हे तिचं सगळ्यालाच लागू होतं. माझ्या नातीला बघायला मुलगा आला तेव्हा हिनं नोकरी विचारली नाही, शेती विचारली नाही. पाणी देताना त्याचा हात धरला आणि आत येऊन म्हणाली, "हाड बरं हाय. करून टाका."

या कालवडीची आई पहिल्याच वेताला गेली होती. पहिल्यांदा माजावर आली आणि भाभीच्या नवऱ्यानं घाईनं लगेच फळवली, गाभण करून टाकली. अंगानं भरलेली दिसायची, पण ते उसाचे शेंडे, वाढं खाऊन सुटलेलं पोट होतं. हाडं पोराचीच. वासरू कसंबसं निघालं, गाय राहिली नाही. ते वासरू, म्हणजे हीच कालवड, भाभीनं बाटलीवर जगवलं. तिच्या मागं मागं चुलीपर्यंत यायचं आणि पदर चघळायचं. घरात त्या पोरीचे लाड होते तेवढे नवऱ्याचे नव्हते.

आणि मग ती पोरगी माजावर आली. हंबरून हंबरून तिनं गल्ली डोक्यावर घेतली. डॉक्टर आला, पुढच्या पायांमागून छातीला मापाची पट्टी लावली आणि म्हणाला, "छाती भरलीय, उंची आहे. फळवायला हरकत नाही."

भाभीनं कालवडीच्या कमरेवर दोन्ही हात ठेवले. "एक माज जाऊ दे. हाड बसू दे."

पुढचा माज आला. भाभीचं तेच. कालवड दावं तोडून माझ्या म्हशीवर उड्या मारायला लागली. मी तोंडावर सांगितलं, "भाभी, जास्त थांबलीस तर चरबी धरंल. मग फळायची बी न्हाई, आन फळली तर अडंल."

"अडली तर तुलाच हाक मारते."

नवरा ओसरीवरून म्हणाला, "मी मरंन, पर या घरात घरचं दूध यायचं न्हाई."

"तवर कोरा च्या प्या," भाभी म्हणाली.

त्याच्या पुढच्या माजाला मात्र तिनं स्वतःच डॉक्टरला फोन केला. मी विचारलं, "आज कसं काय हाड बसलं?"

"सकाळी वैरण टाकाया गेले. बाजूला सर म्हणून ढकललं. ती हलली न्हाई, मीच शेणात पडले."

कालवड गाभण राहिली. भाभी तिला रोज बांधाबांधानं फिरवायची, पेंड मोजकी घालायची. चरबीचं माझं बोलणं तिनं ऐकलं होतं तर. कबूल करायची मात्र नाही.

तर बांगड्या उतरल्या. एकही वाढवली नाही. 'फुटली' हा शब्द तिच्या तोंडात कधी नव्हता. अंगठा तळव्यात मुडपून हात चिंचोळा केला, नव्या नवरींना शिकवायची तसाच, आणि आत घातला. तेवढ्यात कळ आली. आत हात आवळला. भाभीचं तोंड पांढरं पडलं.

"काढ हात!" मी म्हणाले.

"गप. नाक घावलंय."

"कळ थांबली की वासरू आत ढकला, मग डोकं फिरवा," डॉक्टर फोनमधून सांगत होता. तिनं ढकललं, फिरवलं. मी पाय धरले. कळ आली की ओढायचं, गेली की थांबायचं. शेवटी वासरू बदकन माझ्या मांडीवर आलं. हालेना. मी नाकात काडी घातली, भाभीनं पोत्यानं खसाखसा चोळलं. वासरू शिंकलं. कालवडच झाली होती. तिची आई उठून तिला चाटायला लागली, तेव्हा कुठं भाभी खाली बसली.

डॉक्टर पोचला तो कोऱ्या चहाला. म्हणाला, "डोकं कुठल्याही गाईत वळतं. वयाचा संबंध नाही."

"म्हंजी थांबले ते काय वाईट न्हाई केलं," भाभी म्हणाली.

"म्हंजी उगंच थांबलीस," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाला, "चहा झकास झालाय."

भाभीचा उजवा हात सुजून भाकरीएवढा झाला. पुढं बरेच दिवस एक हात भरलेला आणि एक रिकामा, अशी ती गावभर बांगड्या विकत फिरली. बायका विचारायच्या, आवं भाभी, ह्यो हात मोकळा कसा? तिचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात भाभी वारली. साधा ताप आला आणि गेली. नवऱ्याला जनावरं झेपेनात, म्हणून माझ्या गोठ्यात आणली. आता तिची ती दुसरी कालवड, त्या दुपारी माझ्या मांडीवर आलेली, माजावर यायला लागली आहे. मी कमरेवर हात ठेवून बघते. मला काही कळत नाही. एक माज जाऊ दिला आहे.

गाय जगली. वासरू जगलं. ज्याच्यासाठी तिनं त्या घाईतही बांगडीला तडा जाऊ दिला नाही, तो नवराही आहे. रोज सकाळी तांब्या घेऊन घरच्या दुधाला माझ्या दारात येतो.